सहाची पाटी

झोकरकर म्हणतो, बाराशे माणूस होतं.
बंडू म्हणतो, दोन हजार, झाडावरचे धरून.
मी काही म्हणत नाही. मी माणसं मोजायला नव्हतो,
आकडे टांगायला होतो.

दर डिसेंबरात आम्ही तिघे इथे येतो,
शाळांचे सामने असतात म्हणून.
आता वर छत आहे, खाली लाकूड,
फळ्यावरचे आकडे आपले आपण बदलतात.
पोरं छान खेळतात, उंच आहेत, बूट तर विचारू नका.
आम्ही पाच मिनिटं बघतो
आणि एकोणऐंशी सालात शिरतो.

तेव्हा सिमेंट होतं. पडलं की गुडघा सोलायचा,
त्यावर कडेची माती चोळायची आणि पुन्हा आत.
पाच वाजले की इंदूरची थंडी पायऱ्यांवर येऊन बसायची
आमच्याच शेजारी, आमच्याच शेंगदाण्यांवर नजर ठेवून.
खांबावरचे चार दिवे लागले
की एका चेंडूच्या चार सावल्या.

"रामबागचा अच्युत मोघे!" बंडू डोळे मिटतो.
"मनगट असं सुटायचं त्याचं,
जशी कुणी रांगोळीची रेघ सोडतंय."
"आणि आमचा हनीफ?" झोकरकर लगेच.
झोकरकर छावणीच्या शाळेचा, जखम अजून ओली.
"तो बास्केटखाली उभा राहिला की दुकान बंद.
आणि फायनलला काय थाट, भिया!
कापडवाल्या शेठनं अख्ख्या टीमला नवे बूट दिले होते,
पांढरे शुभ्र, त्याच सकाळी खोक्यातून काढलेले."

मग फायनल. ती येतेच.
वीस सेकंद उरलेले, छावणी एकानं मागे,
चेंडू हनीफकडे.
आणि हनीफ उभा. नुसता टप टप टप.
पास नाही, शॉट नाही,
जणू बसची वाट बघतोय.
सर बाकावरून ओरडत होते, त्या गोंगाटात कोण ऐकतो.
टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडली.
रामबाग सत्तेचाळीस, छावणी सेहेचाळीस.

"माज," बंडू म्हणतो.
"ताप होता रे त्याला," झोकरकर म्हणतो.
पंचेचाळीस वर्षं. माज, ताप, माज, ताप.
एकदा तर चार महिने बोलत नव्हते.

माझ्याकडे पत्र्याच्या पाट्या होत्या, इंग्रजी आकड्यांच्या,
वर भोक, खाली भोक,
सहा आणि नऊ यांच्यात मिळून एक पाटी.
शेवटच्या मिनिटाला बोटं गारठलेली,
डोळे अच्युतवर,
पाटी खिळ्यावर गेली ती उलटी.
छावणीच्या नावाखाली एकोणपन्नास.
मला ते दिसलं तेव्हा लोक कोर्टात धावत होते.
मी शिडीवर चढलो
आणि नऊचा पुन्हा सहा केला.

हनीफनं पुढे सियागंजात बेअरिंगचं दुकान टाकलं.
मी गेलो, पंख्याचं बेअरिंग मागितलं.
पंखा ठीक होता.
त्यानं चहा सांगितला, मी सगळं सांगितलं.
तो बेअरिंग बोटावर फिरवत राहिला,
ते थांबेपर्यंत बोलला नाही.
"बोर्ड कौन देखता है, भिया," मग हसला.
"बुटाचा तळ निघाला होता माझा. जुना बूट.
पाऊल उचललं असतं तर सगळ्यांसमोर हसं झालं असतं."
पैसे घेतले नाहीत.
मी मोकळा होऊन चालत निघालो,
पार राजवाड्यापर्यंत आलो
तेव्हा ते खोकं आठवलं, पांढरं शुभ्र.

समोर शिट्टी वाजते. कोणतं तरी पोर फ्री थ्रो चुकवतं.
"माज," बंडू म्हणतो.
"ताप," झोकरकर म्हणतो.
दोघं माझ्याकडे बघतात, दरवर्षीसारखे.
मी शेंगदाणे सोलतो
आणि दोघांच्या हातावर ठेवतो,
मोजून, सारखे.