कूस आणि कल्ले

कुसकुस म्हणतात तिला.
कूस दोनदा उच्चारल्यासारखं नाव,
आणि खरंच पोटाशी पिशवी, पिशवीत एक
शेंगदाण्याएवढं, डोळे मिटलेलं.

ही माहिती दॉर्सेची.
वायगेओ बेटावर, लाकडी धक्क्याच्या टोकाला
तिच्या चार खोल्या, भाड्याच्या,
आणि एक टॉर्च, जिला ती थोपटून जागं करते.

रात्री नऊला ओहोटी.
"आधी खाली," ती म्हणाली, "वरची कुठे पळत नाही."

गुडघाभर पाणी, मग घोटाभर,
मग नुसतं प्रवाळावरचं ओलं.
तिथे मुशी. हातभर लांब.
पोहत नव्हती. चालत होती.
पुढचे दोन पर, मागचे दोन पर,
झोपेतून उठून कुणी अंधारात
माठाकडे जावं तशी, चाचपत.

"डबक्यातली हवा संपली," दॉर्से हळूच म्हणाली,
"की ही डोक्यातले दिवे एकेक मालवते
आणि थांबते. भरती येईतो."
नवरा सोरोंगला गेला त्याला सहावं वर्ष,
हे तिनं सांगितलं नाही.
ते मला तिच्या पोरीकडून कळलं.

वर, जंगली बदामाच्या फांदीत
दोन लाल डोळे.
शेपटाचं वेटोळं आधी सोडावं की मागचा पाय,
या विचारात कुसकुसची पंधरा मिनिटं,
माझी मान अवघडलेली.

दोघींच्या अंगावर ठिपके.
हिच्या पांढऱ्यावर काळे, तिच्या भुरकटावर तपकिरी,
एकाच ओल्या कुंचल्यानं झटकल्यासारखे.

खोलीत येऊन मी वहीत दोन रकाने आखले.
एक पोर पोटाशी घेऊन झाडभर फिरते.
दुसरी अंडं चामडी बटव्यात घालते,
बटवा खडकाच्या फटीत खोचते
आणि निघून जाते.
एक मायाळू, एक निष्ठुर
असं लिहिणारच होते,
तर बारा वर्षांची सेल्फिना खांद्यावरून वाकून:
"मग बटवा इतका चिवट कोण करतं?"

दॉर्से मासे साफ करत होती.
"माझा बाप कुसकुस भाजून खायचा," ती म्हणाली.
"चव छान. आता पाहुणे डोळ्यांनी खातात,
त्याचे पैसे जास्त येतात."
आणि हसली. खवले उडाले. कुणीच काही बोललं नाही.

सोमवारी सोरोंगची बोट.
सेल्फिना तिथल्या शाळेत, वसतिगृहात, निदान तीन वर्षं.
निळी बॅग. दॉर्सेनं तिची चेन ओढून बघितली,
परत ओढून बघितली,
बंदांना गाठ मारली, गाठीवर गाठ.
बॅग बोटीत दोन पिंपांच्या मध्ये
घट्ट खोचली.

इंजिन सुरू झालं तेव्हा
ती वळून निघालीसुद्धा होती,
धक्क्यावरून नाही, खालून,
उतरत्या पाण्यातून,
एकेक पाय चाचपत.