जंतर

करदोटा काढा म्हणाली सिस्टर, आत मोठे चुंबक आहेत.
म्हटलं, बाई, चांदी आहे, हुपरीची. चुंबकाला ओळखसुद्धा देत नाही.
तरी काढला. पंचावन्न वर्षांनी
कंबर परक्याची वाटली.

माझ्याही खिशात एक असायचा, नालाच्या आकाराचा,
तांबडा रंग उडालेला.
गिऱ्हाईक मोड घेऊन आलं की आधी तो फिरवायचा.
चिकटलं ते खोटं.
एवढ्या एका वाक्यावर घर चाललं, दोन पोरी उजवल्या.

आता टेबलाच्या दोन्ही अंगांना दोन,
गुळाच्या काहिलीएवढे, पांढरेशुभ्र,
आणि मधे मी.
मनगटातून तार घातली.
किती नंबरची? इर्शाद मुजावरला विचारलं.
त्यानं इंचात सांगितलं, मी मनात मोजलं:
पैंजणाच्या कडीला लागते त्याहून बारीक.

गेल्या दिवाळीत दोनदा हुकलं होतं.
काळजाजवळ एका वळणावर तार दुमडून माघारी यायची.
मला तेव्हाच कळलं होतं, बोललो नाही.
तार ओढायची असते.
जंतराच्या भोकातून, मेण लावून, पुढून पकडीनं,
एका दमात.
मागून रेटली की वेटोळं घालते.
नववीत असताना वडलांनी यावरून
कानाखाली वाजवलेली.

पण छातीच्या आत
पुढं उभं राहणार कोण?

नेजदार मॅडम काचेपलीकडं बसलेल्या.
हातात सुई नाही, नुसता माउस.
बोट हललं,
शेजारचं ते धूड जरासं कललं,
आणि पडद्यावर तारेच्या टोकानं
मान वळवली,
गोठ्यातलं वासरू ओळखीच्या आवाजाकडं वळवतं तशी.
फाट्याशी थबकली. पुन्हा मान.
आत मला काहीच कळत नव्हतं,
औषध सोडलं तेव्हा तेवढी अंगभर ऊन लाट.

गेली, इर्शाद म्हणाला.
गेली?
गेली, मामा.

संध्याकाळी करदोटा परत बांधला.
खिडकीतून टाउन हॉलच्या झाडांवर घारी उतरत होत्या.
धाकट्याला म्हटलं, ती तार मागून आण, बघू दे.
टाकून दिली म्हणे, नियम असतो.

महिन्यानं दुकानात बसलो.
इचलकरंजीची एक बाई, रुमालात सासूचे वाळे.
चुंबक फिरवला. टपकन चिकटले.
असले मी आजवर काउंटरवर आपटायचो, आवाज व्हावा म्हणून.
हे हळूच सोडवले,
रुमालात गुंडाळले,
आणि खोटे आहेत म्हणायच्या आधी
तिला पाणी दिलं.