झिजते ते

कमाल चौकात, मन्सूरींच्या गादी कारखान्यावर
माझी दहा बाय अकराची खोली.
भिंतींना गाद्या टेकवलेल्या, न खपलेल्या.
सीझन येईस्तोवर त्या माझ्याकडे, असा तोंडी करार.
त्या खोलीत, मे महिन्यात,
खेमा रंगारीचा पहिला अल्बम झाला.

कूलर बंद ठेवावा लागे.
चालू असला की तो प्रत्येक ओळीखाली घरघरायचा,
बंद केला की तिसऱ्या टेकला गिटारच्या तारा उतरायच्या
आणि बिपिन वासेकर नळाखाली डोकं धरून यायचा.
ती तेवढी उभी. ओढणीचा बोळा मुठीत,
डोळे दाराच्या कडीवर.
गणेशपेठच्या स्टँडवर चार वर्षं तिनं गाड्या पुकारल्या होत्या.
श्वास कुठे लपवायचा हे तिला
भिवापूर, पवनी, ब्रह्मपुरीनं शिकवलेलं.

पाचव्या गाण्याच्या आदल्या दिवशी लग्नसराई चढली.
मन्सूरीचाचा वर आले, लाजत,
पूर्वेकडच्या तीन गाद्या उतरवून घेऊन गेले.
त्या भिंतीतून तिचा आवाज परत येऊ लागला, जरा उशिरा,
कुणी जिन्यात थांबून उत्तर द्यावं तसा.
मी म्हटलं, पुन्हा करू.
ती म्हणाली, राहू दे ना बे.
पुढे एका मोठ्या पेपरात त्या घुमण्याला
धाडसी निर्णय म्हटलं गेलं.
चाचांना मी ते कात्रण वाचून दाखवलं. त्यांनी सुई दोऱ्यासकट
कापसात खुपसून ठेवली आणि म्हणाले, फिर से पढ़ो.

कव्हरवर कंपनीनं छापलं : सोल-पॉप.
तिचे बाबा, तीस वर्षं विहारात वंदना घेणारे,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"सोल म्हणजे आत्मा ना? आपल्यात तर आत्मा नसते, बाई.
हे काय लिहून दिलं तू?"
खेमा भाकर मोडत होती.
"चपलेचं सोल, बाबा. झिजते ते."
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "असं. मग चालते."

मग आकडे आले.
पहिल्या आठवड्यात अकरा लाख वेळा ऐकलं गेलं,
दुसऱ्या आठवड्यात मोजणारेच थांबले की काय,
नुसतं "कोटीकडे" असं लिहून येऊ लागलं.
वर्धा रोडला होर्डिंग. बर्डीत मोबाइलच्या कव्हरांवर तिचा चेहरा,
नाकातली चमकी चुकीच्या बाजूला.
रात्री दीडला बिपिनचा फोन :
"भाऊ, आपण देशात तिसऱ्या नंबरवर आहो!"
आपण.
मी एकरकमी अठरा हजार घेऊन मोकळा झालो होतो,
पावतीवर सही माझीच, तारीखही.
तरी अंथरुणात पडून अकरा लाखांना अठरा हजारांनी भागायचो.
उत्तर यायचं. कशाचं, ते कळायचं नाही.

दिवाळीनंतर ती आली, काळ्या काचांच्या गाडीतून,
आणि जिन्यात नेहमीच्याच पायरीवर ठेचकाळली.
चाचांनी थट्टेत तीन गाद्यांचं भाडं मागितलं.
तिनं खरंच दिलं, ते खरंच रडले.
मला काय द्यावं ते तिला सुचेना.
तिनं नवा कूलर पाठवला, अजिबात आवाज न करणारा.
रेकॉर्डिंगला मी तोही बंद करतो.

कधी उमरेडला जायचं झालं की गणेशपेठला थांबतो.
भोंग्यातून अजून तीच. ती टेप कुणी बदलली नाही.
"ब्रह्मपुरीला जाणारी गाडी, फलाट क्रमांक सात."
दिवसातून नऊ वेळा, सहा वर्षं. कुठल्या पत्रकात नाही.
कुणी मान वर करत नाही, नुसते उठतात.
एक बाई पोराला काखेत मारते,
पायानं बाकाखाली चपला चाचपते.
एक सापडते.
भोंगा पहिल्यापासून सुरू करतो.