अक्षराला पंधरा रुपये

गुजरीच्या तोंडाशी माझं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा,
बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.
पैलवानांच्या गदा येतात, मंडळांच्या ढाली,
निवृत्त हेडमास्तरांची तबकं.
मी नावं कोरतो.
कुणी काय केलं ते मला ठाऊक नसतं,
जोडाक्षरं किती, ते असतं.

परवा भर उन्हात हौसाबाई मगदूम आल्या.
ओळखलं नाही म्हणायची कोल्हापुरात सोय नाही.
सत्तावीस सिनेमांत आई,
त्यातल्या चारांत स्वतःहून सात वर्षांनी थोरल्या हिरोची.
तेविसाव्या वर्षी केसांना पांढरी पावडर लावली,
ती धुवायला पुढं कुणी सांगितलंच नाही.
पडद्यावर 'येते' म्हणायच्या, 'जाते' म्हणायच्या.
माझ्या बाकड्यावर टेकल्या नि म्हणाल्या,
"रिक्षानं आलो. जाताना चालत जातो."

टॉवेलातून बाहुली काढली.
राज्याचं बक्षीस, सहायक अभिनेत्री.
मुलामा कोपरांवरनं उडालेला,
पाठीतनं पितळ दिसायला लागलेलं.
"पॉलिश?"
"न्हाई. नाव घालायचंय."
"नाव आहे की, मावशी."
"आणि एक."

तो विहिरीवरचा सीन.
माझी आई त्या हंबरड्याला तीनदा उठून बाहेर गेली होती
आणि चौथ्यांदा तिकीट काढून आत.
हौसाबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"त्यो माझा न्हवं.

एकोणीस डाव केला मी.
डायरेक्टर म्हणायचा, बाई, हे रडणं झालं.
कपडेपटात जोहराबी होती, लुगड्यांना इस्त्री करायची.
रातच्याला तिला माईकपुढं हुबी केली.
तिनं इचारलं, काय झालंय?
म्हणाले, पोरगं बुडालंय.
एकदाच फोडला तिनं.
मग खाली गेली.
इस्त्री गार झालेली, कोळसं घातलं."

"तिला पोर होतं?"

"कुणी इचारलं न्हाई.
मीबी न्हाई."

बक्षिसाच्या दिवशी मंत्री आवाजाबद्दलच बोलले,
आवाजातल्या कळेबद्दल, बराच वेळ.
हौसाबाईंनी हात जोडले.
हात जोडायचं काम त्यांना चांगलं जमायचं,
सत्तावीस सिनेमांत तेच तर होतं.
त्यानंतर प्रत्येक दिग्दर्शकानं तोच हंबरडा मागितला
आणि त्या म्हणत गेल्या, घसा बसलाय.

बाहुलीच्या पायाशी दोन बोटं जागा उरलेली.
"आडनाव?"
"म्हाईत न्हाई. जोहराबीच म्हणायचे समदे.
बागल चौकात पुरलीया. दगडावर कायबी न्हाई,
मी बघून आलो."

चार अक्षरं. साठ रुपये.
"पन्नास घे," म्हणाल्या,
आणि पन्नासच दिले, मोजून, दहाच्या नोटा.

मुलामा पातळ होता. 'ह' वळवताना छिन्नी घसरली,
शेपटी जरा लांब गेली.
आतलं पितळ मात्र पिवळंधम्मक निघालं,
वरच्या नावापेक्षा उजळ.
मला वाटलं, आता बोलतील.
त्यांनी बोट फिरवलं अक्षरांवरनं,
मोतीबिंदूमुळं असेल,
दोनदा फिरवलं.
बाहुली टॉवेलात उलटी गुंडाळली, डोकं खाली,
"जातो," म्हणाल्या,
आणि भाऊसिंगजी रोडच्या गर्दीत
एक म्हातारी झाल्या.

संध्याकाळी कुरुंदवाडचा एक पोरगा गदा घेऊन आला,
मान खांद्यात रुतलेली, कान फुटलेले.
नाव, वजनगट, साल.
लिहून घेतलं.
मग उगाच विचारलं, तुला अंगावर कोण घ्यायचं रे,
तालमीत, रोज, तू शिकत असताना?

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गदेकडं.
"हाय एक जण," म्हणाला.
"पण दांड्यावर जागा कुठाय?"