डावखुऱ्या माणसाचं कपाट

मेटेगनच्या धक्क्यामागे, शेवंडांचे सापळे
हिवाळाभर रचून ठेवतात त्या शेडमध्ये
ओडील कोमो नव्या लाकडाला म्हातारं करायची.
मी सोळा वर्षांची, शनिवारची मदतनीस:
तासाला सहा डॉलर, आणि दुपारी रापी,
किसलेला बटाटा, कोंबडी, वर जळकी खरपूस साय.

पहिल्या दिवशी तिने मला एक जुनी पटाशी दिली,
जी माझ्या मुठीत कधीच नीट बसली नाही,
आणि एक मेणबत्ती.
पेटवायची नाही, म्हणाली. घासायची.

आधी तपकिरी हात. तो वाळला की
कडांना, कोपऱ्यांना, मुठीच्या भोवती मेण.
त्यावर दुधाचा रंग:
नासलेल्या दुधाचा चोथा, चुना, चिमूटभर नीळ.
मेण असेल तिथे रंग धरत नाही,
सँडपेपरचा हात फिरवला की सोलून निघतो
उन्हाने भाजलेल्या नाकासारखा.
बरणीत व्हिनेगर, त्यात आठवडाभर बुडालेली
तारेची घासणी. ते पाणी पाइनच्या फळीवर ओढलं
की चहा निवायच्या आत
फळी साठ वर्षांची.

मी उत्साहात सगळीकडेच घासलं.
तिने चिंधी फेकली माझ्या अंगावर.
"हे काय, कपाटाला खरूज झाली?
झीज अशी नसते, पोरी.
हात कुठे लागतो? गुडघा कुठे टेकतो?
आणि मागच्या बाजूला कोण जातंय मरायला?"

मग ती माणूस ठरवायची,
रंगाचा डबा उघडायच्या आधी.
ही ठेंगणी आहे, वरचा खण कोराच ठेव.
ह्याचे सांधे दुखतात, उठताना कड धरतो.
इथे, ह्या पायाशी, मांजर होतं.
मला वाटायचं, व्हिनेगर डोक्यात गेलंय.

मार्चमध्ये हॅलिफॅक्सहून ऑर्डर आली.
ग्रॅहम आणि मॉरीन, नवं घर, नवं स्वयंपाकघर,
त्यात एकच कपाट जुनं हवं,
निळं, "जगलेलं".
ओडील तीन दिवस नुसती त्याच्याकडे बघत बसली.
चौथ्या दिवशी म्हणाली, डावखुरा आहे.

डाव्या दाराची कड आम्ही लाकूड दिसेपर्यंत घासली.
उजव्या दाराची मूठ जवळजवळ नवी.
आत डावीकडे ओल्या मगाचा गोल डाग,
खाली बुटाच्या ठोकरीची खूण,
दोन्ही हात भरलेले असले की तो दार
पायाने लोटतो म्हणून.
शेवटी काजळी कालवलेलं मेण,
सांध्यांत मळ बसावा म्हणून.
मळसुद्धा आम्ही घरीच करायचो.

जूनमध्ये फोन आला, मीच उचलला.
मॉरीन होती. फार सुंदर आहे, म्हणाली, पण
झीज उलट्या बाजूला आहे.
आम्ही दोघंही उजवे.
रोज सकाळी कप काढताना वाटतं,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात
न विचारता शिरलोय.
बदलून मिळेल का?

ओडीलचे हात मेणाने भरलेले.
"सांग तिला, उजवी बाजू तुमची.
वीस वर्षं लागतील.
त्याचे पैसे मी घेत नाही."
मी शेवटचं वाक्य गाळलं.
मॉरीन जरा वेळ गप्प, मग म्हणाली, बरं.

संध्याकाळी हत्यारं पुसताना
ती पटाशी मी सहज डाव्या हातात धरली.
अंगठ्याचा खळगा
बरोबर अंगठ्याखाली आला,
बोटं आपापल्या जागी जाऊन बसली.
पुढे बाकावर ओडील
दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची घासत होती,
उजव्या हाताने, नेहमीसारखी.

विचारायचं होतं.
पण रापीचं भांडं तळाला लागलं होतं,
ते खरवडण्यात उशीर झाला,
आणि बाहेर वडिलांनी दोनदा हॉर्न वाजवला.