सातवा गप्प आहे

सकाळी नऊला तो बोलतो.
अकराला अडखळतो,
साडेअकराला गप्प.
चारनंतर पुन्हा कंठ फुटतो त्याला,
सांगण्यासारखं फारसं उरलेलं नसतं तेव्हा.

इकीकेच्या ऑफिसातल्या पडद्यावर
सातव्या इन्व्हर्टरच्या जागी राखाडी चौकोन,
म्हणून मला पाठवलं.
नऊ तासांचा रस्ता, चार हजार मीटरची चढण,
डोकं ठणकतंय, गालात कोकाची पानं.

सान्ता रुफिनाचा रखवालदार अनाक्लेतो तिकोना
आधी माझे बूट बघतो, मग हत्यारपेटी.
"पॅनल ठणठणीत आहेत.
पंप चालतो, लामा पाणी पितात, शाळेत दिवे लागतात.
सातवा काम करतो, बाई.
फक्त कुणाला सांगत नाही.
असे लोक असतात."

मी चराची झाकणं उचलते.
आत पांढरी वायर,
घरातल्या दाराच्या घंटीला लावतात तसली.
कुणीतरी मीटरमागे चारशे पेसो वाचवलेत.
दोन उन्हाळ्यांत तिची कातडी खडू झालीय,
नख लावलं की पूड.
आणि झोपवलीय कुठे,
तर पॅनलच्या जाड वायरींच्या कुशीत,
अंगाला अंग लावून, साठ मीटर.
भर दुपारी शेजारून आठशे व्होल्ट ओरडत जाणार
आणि हिनं कानात कुजबुजायचं.
ध चा मा होणार नाही तर काय.

गाडीतून नवं रीळ काढते. काळं, उन्हाला न भिणारं.
आत दोन तारा एकमेकींना पीळ घालून,
वर जाळीचा पदर.
अनाक्लेतो टोक सोलून बघतो.
"हे आई करायची.
लोकरीचे दोन धागे, चातीवर उलटा पीळ.
एकेरी सूत टिकत नाही इथल्या वाऱ्यात."

मी सांगते,
गोंगाट आला की दोघींवर सारखाच पडतो,
यंत्र गोंगाट मोजत नाही,
दोघींमधला फरक मोजतं.
निरोप म्हणजे तेवढंच.

तो बराच वेळ चघळत राहतो,
पानं की वाक्य, कळत नाही.

दुसरा दिवस खणण्यात जातो.
नवा चर, जुन्यापासून हातभर लांब,
ओलांडायचंच असेल तिथे काटकोनात,
लगट नाही.
एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे,
मध्ये फाटे नाहीत.
टोकाशी पीळ उसवायचा तो बोटाच्या पेराएवढाच.
जाळी जमिनीला बांधायची एकाच बाजूनं,
दोन्हीकडे बांधली
की जमीनच तिच्यातून चालायला लागते.
आणि रांगेच्या दोन्ही टोकांना एकशेवीस ओहम,
मक्याच्या दाण्याएवढा रोध,
नाहीतर शब्द शेवटाला आपटून परत येतो
आणि आपल्याच पुढच्या शब्दाला धडकतो.

सगळं जोडते. बटण दाबते.
सातवा गप्प.
आता सहावाही गप्प. आठवाही.

अनाक्लेतो सभ्यपणे डोंगराकडे बघतो.

मी शिव्या घालते, स्पॅनिशमध्ये, मग आजीच्या आयमारात.
मग आठवतं. एका कंपनीचा ए म्हणजे दुसरीचा बी.
सातवा वेगळ्या कंपनीचा, मागाहून आलेला.
दोन स्क्रू सैल, तारा अदलाबदल, दोन स्क्रू घट्ट.

बारा वाजून वीस मिनिटं.
राखाडी चौकोन हिरवा होतो, त्यात आकडा.

तेव्हा तो खोलीतून वही आणतो.
मीठ लागून फुगलेली, शाळेची, चौकटींची.
रोज दुपारी बारा, दोन, साडेतीन,
सातव्याच्या छोट्या काचेवर सावली धरून
वाचलेले आकडे, पेन्सिलीनं.
दोन वर्षं, एक महिना.
कुणी मागितले नव्हते.
"विचारलं असतं कुणी, तर?" म्हणतो.

मी पानं उलटत राहते.
ऑफिसात ज्या दुपारी झाल्याच नाहीत
त्या सगळ्या इथे आहेत.
एका पानावर 'ढग', एकावर 'मुलगी आली होती'.

मी म्हटलं, डॉन अनाक्लेतो, आता गरज नाही.
तो टोपी घालून उन्हात गेला,
सातव्यापुढे वाकला, हाताची सावली केली,
लिहून आणलं,
पडद्याशी ताडून पाहिलं.
जुळत होतं. तसं बोलला मात्र नाही.

"उद्याही लिहीन," म्हणाला.
"तुमची वायर अजून नवी आहे."