खाली जागा सोड

म्युझियमच्या दुसऱ्या मजल्यावर, सापांच्या बरण्यांमागे
एक कवटी आहे, प्लास्टरची,
डावीकडचे दोन दात मोडलेले.
पाटीवर कधीकाळी कुणी लिहिलंय : देवमासा (खुनी).
पाट्या नव्याने लिहायचं काम यंदा माझ्याकडे आलं.

देवमासा.
हा देव नाही, मासा तर नाहीच.
ओर्का. डॉल्फिनच्या घरातला,
अंगानं सुटलेला, थोरला.

संध्याकाळी रामकुंडामागे काकांकडे गेले.
गायधन्यांच्या वह्या, लाल कापडात, गाठी मारलेल्या.
यजमान गाव सांगतो, आडनाव सांगतो,
काका थुंकी न लावता नेमकं पान काढतात.

"मूळ गाव?"
समुद्र. त्याआधी जमीन, काका. पायांना खूर होते,
हिमालयाच्या पायथ्याशी ओढ्यात उतरायचे.
"स्थलांतर," काका म्हणाले. "लिही."

"भाऊबंद?"
एक इटलीत, टस्कनीच्या टेकडीत सापडला,
लांबीला ह्याच्या निम्मा, दात मात्र जास्त आणि बारके.
दुसरा ऱ्होड्स बेटावरच्या गाळात. फार जवळचा.
दोघेही मासे खाऊन राहिले असावेत,
दात तरी तसंच सांगतात.

"मग खुनी हे आडनाव?"
अलीकडचं.
"आडनावं सगळी अलीकडचीच," काका हसले,
आणि खोकले बराच वेळ.

आता काहीजण म्हणतात ओर्का एक नाही.
एक घराणं सील खातं, एक नुसतं सामन,
शेजारी राहतात, बोली वेगळी, सोयरीक नाही.
"वाटण्या झाल्यात. दप्तरी नोंद राहिली."

आणि ते दोघे?
निर्वंश, मी म्हटलं.
काकांनी पणजोबांच्या हातची वही सोडली.
मोडीत एक नाव, पुढे : शाखा खुंटली.
त्याखाली अर्धं पान कोरं, वाळवीनं कडेला कुरतडलेलं.
एवढा कागद वाया?
"कुणी आलं तर. मॉरिशसहून आलाय एकजण,
पणजीचं नाव तेवढं पाठ होतं त्याला."

परतताना पुलाखाली काळा कातळ उघडा पडलेला.
ह्या दगडात ओर्काचं हाड कधी मिळणार नाही,
लाव्हा होता हा;
पाण्याला ह्यातलं काही आठवत नाही.

पाटी लिहिली. कूळ, जात, दोन्ही भाऊ,
त्यांच्या गावांसकट.
कपाटाच्या काचेत मावेना, तिरकी ठेवली.
प्राचार्यांनी वाकून वाचली.
"खाली एवढी कोरी का?"

शाई संपली, सर.